अंगदुखीची गोळी आणि शरीराचे रक्षण

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि ऊसतोडणीचा हंगाम सुरू होतो. पहाटेच्या थंडीत फडात उतरावयाचे, कमरेत वाकून ऊस बुडाशी तोडावयाचा, वाढे छाटावयाचे, मोळी बांधून ती डोक्यावर घ्यावयाची व फळीवरून ट्रकमध्ये चढावयाचे, असा क्रम चार-पाच महिने चालतो. कोकणात आषाढ-श्रावणातील भातलावणी, विदर्भ-मराठवाड्यातील कापूसवेचणी व सोयाबीनची सोंगणी ही कामेही शरीराला कमी कष्ट देणारी नाहीत. सायंकाळी कंबर, गुडघे, खांदे ठणकू लागतात. दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून गावातील दुकानातून एक गोळी आणली जाते. बिस्किटांच्या बरणीशेजारी ठेवलेल्या पट्टीतून कात्रीने कापून दिलेल्या त्या गोळीवर पुष्कळदा पूर्ण नावही उरत नाही. "अंगदुखीची लाल गोळी" एवढीच तिची ओळख असते.

या गोळीने आराम पडतो ही गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयी सावध राहणे अवघड जाते. दोन दिवसांसाठी आणलेली गोळी हंगामभर चालते. मजूर अड्ड्यावरून फडावर निघताना ती सकाळीच घेऊ लागतो, म्हणजे दुखणे येण्याच्या आधीच. अशा रीतीने औषध हे शिदोरीचा भाग बनले, की त्याचे उपद्रव सुरू होतात. आणि ते उपद्रव बहुधा मुकाट्याने वाढत असल्यामुळे ध्यानात येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

गोळी काम कसे करते

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, पिरॉक्सिकॅम, निमेसुलाइड, तसेच अ‍ॅस्पिरिन ही सर्व एकाच कुळातील औषधे होत. त्यांना दाहशामक वेदनाशामके म्हणतात. या कुळाचा मूळ पुरुष वाळुंज जातीच्या झाडाच्या सालीत सापडतो. १७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने ही साल वाळवून, कुटून तापकऱ्यांना दिल्याचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. १८९७ मध्ये जर्मनीत फेलिक्स हॉफमन याने अ‍ॅस्पिरिन शुद्ध स्वरूपात तयार केले व १८९९ पासून ते बाजारात आले. परंतु ते शरीरात नेमके काय करते याचा उलगडा होण्यास पुढे सत्तर वर्षे लागली. जॉन व्हेन या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये तो केला आणि त्याबद्दल १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले.

उलगडा असा: शरीराच्या एखाद्या भागाला इजा झाली की तेथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे तो भाग सुजतो, लाल होतो, गरम लागतो व दुखतो. ही गोळी त्या द्रव्यांची निर्मितीच रोखते. येथपर्यंत सारे ठीक. पण हीच द्रव्ये शरीरात इतरत्र राखणदाराचे काम करीत असतात. जठरात पाझरणारे आम्ल इतके तीव्र असते की जठराचे स्वतःचे अस्तर त्यापासून सांभाळावे लागते. ते सांभाळणारा चिकट थर राखणे आणि मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी गरजेच्या वेळी रुंद ठेवणे, ही दोन्ही कामे याच द्रव्यांची. गुडघ्यातील दाहाचा बंदोबस्त करण्यासाठी घेतलेली गोळी केवळ गुडघ्यात जात नाही. ती रक्तातून सर्वत्र जाते आणि जठर व मूत्रपिंड येथील राखणदारांनाही कामावरून दूर करते.

हे एकदा नीट समजले म्हणजे गावोगाव रूढ असलेले काही समज आपोआप गळून पडतात. "गोळी पोटाला लागते, म्हणून सुईच बरी," असे पुष्कळांचे मत असते. सुईने दिलेले डायक्लोफेनॅक पोटात उतरत नसले तरी रक्तात उतरतेच, आणि जठराचे संरक्षण रक्तावाटेच कमी होते. सुई हा जठराला वाचविण्याचा मार्ग नव्हे. दुसरा समज दुधाचा. दुधाबरोबर किंवा जेवणानंतर गोळी घेतल्याने मळमळ व जळजळ कमी वाटते; यास्तव जेवणानंतर गोळी घेणे चांगलेच, पण त्यामुळे व्रण टळतो असे समजू नये. गोळीला आतड्यात विरघळणारे आवरण असले तरी हेच लागू आहे.

जठर व आतडे

जठराच्या अस्तरावर आधी बारीक ओरखडे उठतात, पुढे त्यांचा व्रण बनतो. व्रणाखाली रक्तवाहिनी असली तर रक्तस्राव होतो, आणि क्वचित व्रण आरपार जाऊन जठराला छिद्र पडते. पोटात वरच्या बाजूस दुखणे, उपाशीपोटी जळजळणे, अन्नावरील वासना जाणे ही पूर्वसूचना होय. मात्र अनेकांना, विशेषतः वृद्धांना, कसलीच पूर्वसूचना मिळत नाही; वेदना दाबणे हे गोळीचे कामच असल्याने व्रणाची वेदनाही तीच दाबून टाकते. अशा माणसाचे पहिले लक्षण म्हणजे डांबरासारखी काळी, चिकट व दुर्गंधीयुक्त शौच, किंवा रक्ताची अथवा कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट उलटी. यांपैकी काहीही दिसल्यास गोळी तत्काळ बंद करून रोग्यास रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते. पोट एकाएकी लाकडासारखे ताठ होऊन असह्य दुखू लागले तर छिद्र पडल्याची शंका घ्यावी व सकाळची वाट पाहू नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौचास काळी होते, हे अंगणवाडी व आरोग्य कार्यकर्त्यांना ठाऊक असतेच. परंतु तो रंग लोहाचा की रक्ताचा हे वैद्यकीय अधिकाऱ्यास ठरवू द्यावे.

थोडेथोडे रक्त रोज झिरपत राहिले तर काळी शौच डोळ्यांत भरत नाही. माणूस फिकट पडतो, चढावर धाप लागते, काम होत नाही. आणि ते होत नाही म्हणून तो आणखी एक गोळी घेतो. शेतमजूर स्त्रियांत रक्तक्षय आधीच फार. तेव्हा लोहाच्या गोळ्या घेऊनही ज्या स्त्रीचे रक्त वाढत नाही, तिला वेदनाशामक गोळ्यांविषयी अवश्य विचारावे.

धोका सर्वांना सारखा नसतो. वयाची साठी उलटलेले, पूर्वी व्रण झालेले, दमा किंवा संधिवातासाठी स्टेरॉइड घेणारे, रक्त पातळ राखणाऱ्या गोळ्या घेणारे आणि एकाच वेळी या कुळातील दोन औषधे घेणारे यांचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ अधिक असतो. शेवटचा प्रकार वाटतो त्याहून सर्रास घडतो. डॉक्टरांनी अ‍ॅसिक्लोफेनॅक लिहून दिलेले असते. दोन दिवसांत उतार पडत नाही म्हणून दुकानातून वेगळ्या नावाची आयब्युप्रोफेनची गोळी आणली जाते. खोक्यावरील नावे भिन्न, आतील कूळ एकच. त्याने आराम दुप्पट होत नाही, उपद्रव मात्र वाढतो. ठळक अक्षरातील व्यापारी नावाखाली बारीक अक्षरात मूळ द्रव्याचे नाव छापलेले असते, तेच वाचावयाचे. ज्यास वाचता येत नाही त्याला घरातील शाळकरी मूल वाचून दाखवू शकते. यास्तव गोळी सुटी कापून न आणता नाव शिल्लक राहील अशा रीतीने आणावी, आणि ज्या पट्टीवर उभी तांबडी रेषा आहे ते औषध चिठ्ठीवाचून घेऊ नये. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड ही चिठ्ठीवरच मिळावयाची औषधे आहेत.

ज्यांना संधिवातासारख्या विकारामुळे ही गोळी दीर्घकाळ घ्यावीच लागते, त्यांच्या जठराचे रक्षण करता येते. ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल या कुळातील औषधे जठरातील आम्लाची निर्मितीच कमी करतात. ती सकाळी न्याहारीच्या सुमारे अर्धा तास आधी घ्यावयाची असतात. जेवणानंतर, जळजळ होऊ लागली म्हणजे घेतल्यास त्यांचा पुरता उपयोग होत नाही. पांढरे आम्लनाशक पातळ औषध जळजळ शमविते, व्रण रोखत नाही. येथे एक इशारा आवश्यक आहे. आम्ल कमी करणारी गोळी जठर व त्यालगतचे आतडे यांचे रक्षण करते. खालच्या आतड्याचे आणि मूत्रपिंडाचे करीत नाही. "पोटाची गोळी घेतली, आता कितीही गोळ्या चालतील," हा हिशेब चुकीचा आहे. शिवाय वेदनाशामक बंद झाल्यावर पोटाची गोळीही वर्षानुवर्षे चालू ठेवण्याचे कारण नाही.

जठरातील व्रणाचे दुसरे मोठे कारण एक जंतू आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी १९८२ मध्ये तो शोधला. जठराच्या तीव्र आम्लात जंतू जगतो यावर इतर वैद्यांचा विश्वास बसेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचे पाणी स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला! या शोधाला २००५ चे नोबेल मिळाले. आपल्या देशात हा जंतू पुष्कळांच्या जठरात वास करतो. जंतू आणि गोळी या दोहोंचा मारा एकत्र झाला की व्रणाचा धोका वाढतो. पूर्वी व्रण झालेल्या माणसाने दीर्घ उपचार सुरू करण्याआधी या जंतूची तपासणी करून घेणे आणि तो आढळल्यास प्रतिजैविकांनी त्याचे निर्मूलन करणे हितावह ठरते. दारू व तंबाखू यांविषयी वेगळे सांगावयास नको. दारूवर वेदनाशामक गोळी घेणे म्हणजे सोललेल्या जागी चटका देणे होय.

मूत्रपिंड, ऊन आणि पाणी

शेतकऱ्याच्या दृष्टीने या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. जठर निदान कधी तरी ओरडते. मूत्रपिंड ओरडत नाही.

हृदयातून दर मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त बाहेर पडते, त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा दोन मूत्रपिंडांकडे जातो. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव तेथे गाळला जातो. त्यातील बहुतेक सर्व पुन्हा रक्तात घेतला जाऊन केवळ दीड-दोन लिटर लघवी बनते. गाळणे अखंड चालावे यासाठी रक्ताचा ओघ व दाब कायम राहावा लागतो. कालव्याला पाणी कमी आले तर चारीच्या तोंडाशी दार अधिक उघडावे लागते, त्याप्रमाणे अंगातील पाणी कमी झाले की मूत्रपिंड आपल्या रक्तवाहिनीचे तोंड रुंद करून घेते. हे काम प्रोस्टाग्लँडिनच्या साह्याने होते. भरपूर पाणी प्यालेल्या, निरोगी, तरुण माणसाला या साह्याची फारशी गरज पडत नाही. म्हणून त्याने एखादी गोळी घेतली तर बहुधा काही बिघडत नाही. परंतु घामाने निथळलेल्या, तहानलेल्या माणसाने तीच गोळी घेतली तर कालव्याला पाणी नसताना चारीचे दारही बंद केल्यासारखे होते.

आता फडावरील दिवस डोळ्यांपुढे आणावा. उन्हात आठ-दहा तास काम, जवळ पाणी नाही, आणि असले तरी आडोशाअभावी लघवीस जाणे अवघड म्हणून स्त्रिया जाणूनबुजून कमी पाणी पितात. त्यात सकाळीच घेतलेली वेदनाशामक गोळी. मूत्रपिंडावर याहून प्रतिकूल परिस्थिती क्वचितच असेल. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा व एल साल्वाडोर या देशांत उसाच्या मळ्यांतील तरुण मजुरांमध्ये मूत्रपिंड निकामी होण्याचा विकार मोठ्या प्रमाणावर आढळला. त्यांना ना मधुमेह होता, ना रक्तदाब. तीव्र उष्म्यात घाम गाळीत केलेले कष्ट हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. त्यावर तेथे जो उपाय हाती घेण्यात आला तो तीन शब्दांचा आहे: पाणी, सावली, विश्रांती. अशा मजुराने वेदनाशामक गोळ्यांपासून दूर राहावे हे त्याबरोबर ओघानेच येते.

उन्हात कष्टाचे काम करताना तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, म्हणजे सुमारे पाव लिटर पाणी प्यावे. घाम फार जात असेल तर मीठ घातलेले ताक, लिंबू-सरबत किंवा कांजी घ्यावी. मुकादमाने वा शेतमालकाने फडाच्या कडेला पाण्याचा माठ आणि स्त्रियांसाठी आडोसा यांची व्यवस्था करणे ही कामाच्या साधनांइतकीच आवश्यक बाब समजावी. किंबहुना आडोशावाचून माठाचा अर्धा उपयोग वाया जातो. दिवसभर लघवी झाली नाही, किंवा झाली ती गर्द पिवळी व थोडी झाली, तर त्या रात्री वेदनाशामक गोळी घेऊ नये. आधी पाणी प्यावे.

जुलाब व ओकाऱ्या लागल्या असता तर ही गोळी पूर्णपणे वर्ज्य होय. अशा वेळी अंग फार दुखते, म्हणून ती घेण्याचा मोह होतो आणि मूत्रपिंडाला जबर इजा होते. जलसंजीवनीचे पाकीट लिटरभर स्वच्छ पाण्यात विरघळवून घोट घोट द्यावे. पाकीट नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे.

रक्तदाबाच्या रोग्यांना एक विशेष सूचना आहे. रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन अशा गोळ्या आता खेड्यापाड्यांतून पुष्कळजण घेतात. कित्येकांना त्याबरोबर लघवी वाढविणारी गोळीही असते. ही दोन औषधे आणि वेदनाशामक असे त्रिकूट जमले की मूत्रपिंडाच्या दोन्ही तोंडांवरील नियंत्रण सुटते व गाळण्याचे काम एकाएकी मंदावते. शिवाय वेदनाशामक गोळी शरीरात मीठ व पाणी साठवून रक्तदाब वाढविते, म्हणजे एका गोळीचे काम दुसरी गोळी मोडीत काढते. रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. बंद करावयाची असेल तर वेदनाशामक गोळी करावी.

पायांवर व पापण्यांखाली सूज, लघवी कमी होणे, तिला फेस येणे, मळमळ, विनाकारण थकवा ही मूत्रपिंडाच्या विकाराची चिन्हे आहेत. पण ती उशिरा दिसतात. त्याआधी रोग ओळखण्याचा मार्ग म्हणजे रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिन यांची तपासणी. महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्याने, मधुमेह्याने व रक्तदाबाच्या रोग्याने ती करून घ्यावी.

आणखी काही स्थळे

या कुळातील काही औषधांनी हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा धोका वाढतो. जठराला सौम्य म्हणून गाजलेले रोफेकॉक्सिब हे औषध याच कारणास्तव ३० सप्टेंबर २००४ रोजी जगभरातून मागे घेण्यात आले. डायक्लोफेनॅकही हृदयरोग्याने टाळावयाच्या औषधांत मोडते. हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याने ते स्वतः होऊन सोडू नये, पण आयब्युप्रोफेनने त्या अ‍ॅस्पिरिनचा गुण कमी होऊ शकतो हे डॉक्टरांच्या नजरेस आणावे.

दम्याच्या काही रोग्यांना एका गोळीने तीव्र धाप लागते. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यापासून पुढे ही औषधे गर्भाच्या मूत्रपिंडास आणि शेवटच्या महिन्यांत त्याच्या हृदयानजीकच्या रक्तवाहिनीस अपाय करतात, म्हणून गर्भवतीने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ती घेऊ नयेत. मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन देऊ नये. बारा वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड देण्यास भारतात २०११ पासून मनाई आहे. पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ येते. त्या तापात अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्राव बळावतो. ताप कशाचा हे ठरेपर्यंत केवळ पॅरासिटामॉल द्यावे.

मग दुखण्यावर करावे काय

पॅरासिटामॉल जठर व मूत्रपिंड यांना पुष्कळच सौम्य आहे. मात्र तेही मोजून घ्यावे. प्रौढ माणसाने एका दिवसात चार ग्रॅमची, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांची मर्यादा कधीही ओलांडू नये. वजनाने कमी, अशक्त किंवा दारू पिणाऱ्या माणसाने याच्या निम्म्यावरच थांबावे, कारण जास्त प्रमाणात ते यकृताला घातक ठरते. पुष्कळशा अंगदुखीच्या जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच घातलेले असते, हेही हिशेबात धरावे.

गुडघा, मनगट, कोपर अशा एखाद्याच सांध्याचे दुखणे असेल तर डायक्लोफेनॅकचा मलम लावणे गोळीहून श्रेयस्कर आहे. मलमातील औषध जागेवर काम करते. रक्तात त्याचा अगदी थोडा अंश उतरतो. ताज्या मुरगळीवर थंड पाण्याची घडी आणि जुन्या ताठरपणावर गरम शेक, या घरगुती उपायांना कमी लेखण्याचे कारण नाही. गोळी घ्यावीच लागली तर एकच औषध, आराम पडेल एवढ्याच कमीत कमी प्रमाणात, आणि मोजक्या दिवसांपुरते घ्यावे. पाच-सात दिवसांत दुखणे न हटल्यास गोळी बदलण्यापेक्षा दुखण्याचे कारण शोधावे.

बाजारात व जत्रेत संधिवातावर "जडीबुटीची पूड" विकणारे असतात. पहिल्याच पुडीने आठ दिवसांत गुडघे मोकळे झाले तर आनंदापेक्षा संशय अधिक यावा. अशा पुड्यांत स्टेरॉइड वा डायक्लोफेनॅक मिसळल्याचे तपासणीत अनेकदा आढळले आहे. नाव, घटक व निर्मात्याचा पत्ता नसलेली पुडी घेऊ नये. आणि महिनोन्महिने घेत असल्यास ती एकदम न सोडता डॉक्टरांकडे घेऊन जावी, कारण स्टेरॉइड अचानक बंद करणेही धोक्याचे असते.

दुखण्याचे मूळ कामाच्या रीतीत असेल तर औषधाने ते कसे जाणार? दिवसभर कमरेत वाकून खुरपणाऱ्याला उभ्याने चालविण्याचे सायकल कोळपे मिळाले तर कंबर निम्मी सुटते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी, हलका वैभव विळा कापणीत मनगटाचा झटका कमी करतो. भातात चिखलणीनंतर तण काढण्यास कोनो कोळपे वापरता येते. कापूस वेचताना एका खांद्याला ओझे टांगण्याऐवजी कमरेला बांधावयाची झोळी घ्यावी. मोळी लहान बांधावी. लवकर भरावी म्हणून मोठी बांधलेली मोळी शेवटी औषधाच्या दुकानात वजन करून घेते, असे म्हणण्यास हरकत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने गृहभेटीत तीन प्रश्न विचारावेत: अंगदुखीची गोळी घेता काय, कोणती, आणि किती दिवसांपासून. घरातील पट्ट्या समोर ठेवून घ्याव्यात. तोंडी उत्तरापेक्षा पट्टी अधिक खरे सांगते. हंगामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना निघण्यापूर्वी रक्तदाब व रक्ताची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घेण्यास सांगावे.

गोठ्यातील औषध

हीच औषधे जनावरांनाही दिली जातात, आणि त्यांच्या उपद्रवाची सर्वांत भयंकर हकीकत माणसाची नसून गिधाडांची आहे. १९९० नंतरच्या दशकात गिधाडे एकाएकी नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. प्रथम साथीच्या रोगाचा संशय होता. २००४ मध्ये लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात केलेल्या संशोधनातून खरे कारण बाहेर आले. डायक्लोफेनॅकची सुई दिलेले जनावर थोड्याच दिवसांत मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की मांसातील औषधाने त्यांची मूत्रपिंडे बंद पडत, युरिक आम्ल साचून आतील इंद्रियांवर चुन्यासारखा पांढरा थर बसे आणि पक्षी मरत. शंभरांत एकाहून कमी मृत जनावरांत हे औषध असले तरी एवढा संहार होण्यास ते पुरेसे होते, असे गणिताने दाखविले गेले आहे. मेलेली जनावरे पडून राहू लागली, कुजू लागली, आणि भटक्या कुत्र्यांचे फावले.

भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनविण्यास प्रतिबंध केला. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीची कुपी एका मात्रेची, ३ मिलिलिटरचीच असावी असा नियम झाला. २०२३ मध्ये जनावरांसाठी कीटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफेनॅक यांवरही बंदी आली आणि पुढील दोन वर्षांत निमेसुलाइडवर. गिधाडांना निर्धोक ठरलेली मेलॉक्सिकॅम व टॉल्फेनॅमिक आम्ल ही औषधे गाय, बैल, म्हैस यांच्या ताप-सुजेवर चांगली लागू पडतात. रायगड जिल्ह्यात म्हसळे-श्रीवर्धनच्या बाजूस आणि गडचिरोलीच्या जंगलात गिधाडे राखण्याचे प्रयत्न झाले. अशा भागांतील पशुपालकांनी जनावरास कोणती सुई दिली जात आहे हे प्रत्येक वेळी विचारावे. तीन-तीन मिलिलिटरच्या लहान कुप्या एकामागून एक फोडून म्हशीला सुई दिली जात असेल तर ते माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक असण्याचा संभव असतो. ती सुई नाकारून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. उपचार चालू असता जनावर दगावल्यास त्याचे कलेवर उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरावे.